जखमी बदकाची घरगुती शुश्रूषा : प्रश्न पाण्याचा

घरी बदके पाळणाऱ्याच्या हाती जखमी बदक बहुधा पहाटे लागते. रात्री कुत्रे किंवा मुंगूस खुराड्यात शिरलेले असते आणि सकाळी कोपऱ्यात एक बदक मान आखडून बसलेले दिसते. कधी तळ्यात टाकून दिलेला गळ चोचीत रुततो, कधी संक्रांतीच्या आसपास नायलॉनचा मांजा पंखात गुंततो, कधी रस्ता ओलांडताना दुचाकीचा धक्का बसतो. अशा वेळी घरात दोन मते हमखास पडतात. एक म्हणते, पाण्यातला जीव आहे, टाकीत सोडा, सावरेल. दुसरे म्हणते, जखम चिघळेल, पाण्याचा थेंब लागू देऊ नका. दोन्ही सल्ले बदकाच्या जिवावर बेतू शकतात. बदक पाण्यावाचून जगत नाही आणि जखम घेऊन पाण्यात राहिले तर बरे होत नाही. म्हणून त्याच्या शुश्रूषेत औषधाइतकाच, माझ्या मते औषधाहून अधिक, विचार पाण्याचा करावा लागतो : कोणते पाणी, किती, आणि कोणत्या टप्प्यावर.

आधी दोन निवाडे

पहिला निवाडा, बदक पाळीव आहे की रानटी. आपल्याकडे पाळली जाणारी खाकी कॅम्पबेल, पांढरी पेकिन, इंडियन रनर ही सगळी मॅलार्ड या रानबदकाची वंशज. डोळ्यांभोवती तांबड्या गाठी असलेले मस्कोव्ही तेवढे वेगळ्या जातीचे. ही घरी ठेवायला आडकाठी नाही. पण तळ्याकाठी सापडलेले हळदी-कुंकू बदक किंवा अडई घरात ठेवून घेता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक यासाठी आहे. वनविभागाचा माणूस येईपर्यंत पक्ष्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात उबदार ठेवणे एवढेच आपले काम. यात पक्ष्याचे हितही आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसते त्यालाच पिल्लू आई मानते. कोनराड लोरेन्झ यांनी हंस आणि बदकांच्या पिल्लांवर केलेला हा अभ्यास जगभर गाजला, आणि प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माणसाच्या अंगावर वाढलेले रानबदकाचे पिल्लू पुढे आपल्या जातीत रमत नाही.

दुसरा निवाडा, जखम आहे की रोग. अंगावर घाव नाही, पण मान लुळी पडून चोच जमिनीला टेकली आहे आणि पाय ओढले जात आहेत, असे असेल तर बॉट्युलिझम या विषबाधेचा संशय घ्यावा. कुजके प्राणिजन्य पदार्थ आणि त्यांवरच्या अळ्या यांतून हे विष पक्ष्याच्या पोटात जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पाणपक्षी यानेच मेले. एकाच वेळी अनेक पक्षी मरगळलेले किंवा मेलेले आढळले तर एकालाही घरात आणू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, हे महाराष्ट्राने विसरू नये. तो रोग कोंबड्यांना झटपट मारतो, पण बदक वरवर ठणठणीत राहूनही विषाणू पसरवू शकते. अशा वेळी पशुसंवर्धन खात्याला कळवावे. पुढचे विवेचन घाव झालेल्या पाळीव बदकापुरते आहे.

पहिले काही तास

कुत्र्याच्या तोंडून सुटलेले बदक जखमेने मरण्याआधी धक्क्याने मरू शकते. निरोगी बदकाच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. रक्त गेले, पिसे भिजली, भीतीने हृदय धडधडत राहिले, की ते टिकवण्यातच सारी ताकद खर्ची पडते. म्हणून आधी ऊब, अंधार आणि शांतता, मग जखम. अपवाद एकच, वाहते रक्त. त्यावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून पाच मिनिटे सलग दाबून धरावी, मध्येच उचलून बघू नये.

पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्यावे, बाजूंना वाऱ्यासाठी भोके पाडावीत, तळाशी जुना टॉवेल अंथरावा आणि वरून पातळ कापड टाकावे. आत २८ ते ३० अंश ऊब पुरे. थंडीपावसात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा बदकाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. विदर्भातल्या मे महिन्यात याची काही गरज नाही. तिथे उलटी काळजी घ्यावी : चोच उघडी टाकून घसा थरथरवत बदक धापू लागले, तर त्याला उकडते आहे.

उचलण्याचीही रीत आहे. बदकाचे पाय नाजूक असतात. कोंबडीसारखे पायांनी उचलले तर पाय सांध्यातून निखळू शकतो. दोन्ही तळहातांनी पंख अंगालगत धरून पोटाखालून आधार द्यावा, पण छाती आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखे मध्यपटल नसते. त्याच्या छातीचे हाड वरखाली हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. प्रेमाने छातीशी घट्ट धरलेले बदक गुदमरून मरू शकते, हे घरातल्या मुलांना आवर्जून सांगावे.

आणि तोंडात पाणी ओतू नये. बदकाची चोच उघडून पाहिली, तर जिभेच्या मुळाशी एक उभी फट दर श्वासाला उघडझाप करताना दिसते. तीच श्वासनलिका. आपल्यासारखे तिच्यावर पडणारे झाकण पक्ष्याला नसते. अर्धमेल्या बदकाच्या घशात चमच्याने ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. चोचीच्या कडेला ओले बोट टेकवावे, थेंब त्याने स्वतः गिळावा. मान सरळ धरून बसू लागले, की उथळ वाटीत ओआरएसचे पाणी समोर ठेवावे. त्याआधी घाई नको.

घाव पाहताना

बदकाची जखम फसवी असते. दाट पिसांखाली ती दिसतच नाही. बोट पाण्यात भिजवून पिसे उलट्या दिशेने बाजूला सारत मान, पाठ, पंखांखालची काख आणि शेपटीचे मूळ क्रमाने पाहावे. कुत्र्याच्या दाताची वरून दिसणारी खूण मुगाएवढी असली, तरी तेवढ्या भोकाखाली कातडी स्नायूपासून वीतभर सुटलेली असू शकते, कारण कुत्रे चावून झटके देते. कधी मानेखालची कातडी फुग्यासारखी फुगते आणि बोट दाबले की चुरचुरते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांपैकी एखादी फाटली आणि हवा कातडीखाली शिरली, असा त्याचा अर्थ. तिथे घरी टोचाटोची करू नये.

मांजराचा चावा दिसायला सर्वांत किरकोळ आणि परिणामाने सर्वांत घातक. मांजराच्या तोंडात पाश्चरेला मल्टोसिडा हा जिवाणू सहसा असतो. कोंबड्या-बदकांत कॉलऱ्याची साथ आणणारा जिवाणू हाच, आणि लुई पाश्चर यांनी क्षीण केलेल्या जिवाणूंपासून लस करण्याचा शोध १८७९-८० च्या सुमारास याच रोगावर लावला. चाव्यातून तो रक्तात गेला तर बदक एकदोन दिवसांत दगावू शकते. म्हणून मांजराने धरलेले बदक, ओरखडा न दिसला तरी, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

धुण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट छोटा चमचा. हे पाणी सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर सोडावे. नंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येतो आणि जंतू मेल्याचे समाधान मिळते, पण भरून येणारी नवी पेशीही त्यात मरते.

हळदीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आपल्या घराघरांत पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. हळदीत गुण नाहीत असे नव्हे. पण खोल घावात पूड भरली की जखमेचा रंग कळत नाही, आत काय साचले ते डॉक्टरला दिसत नाही, आणि हळद तेलात कालवून लावली तर भोवतीची पिसे चिकटून बसतात. तेलकट मलमांचेही तसेच. बदकाच्या पिसांवर तेलाचा लपका बसला, की त्या जागी पाणी थेट कातडीपर्यंत पोचते. जखम बरी झाल्यावरही ते बदक पोहायला गेले की भिजते.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू आहे, माशी. उघड्या जखमेवर तिने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. बरे होणारे बदक जाळीच्या आड ठेवावे आणि जखम रोज दोनदा पाहावी. पक्ष्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तो पनीरसारखा घट्ट होऊन आत बसतो, म्हणून दाबून निचरा करण्याचा प्रयत्न फुकट जातो. तळपायाला होणाऱ्या काळ्या खपलीच्या गळवात नेमके हेच होते. त्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागते.

वेदनाशामकाचा निर्णय डॉक्टरवर सोडावा. डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही त्या यादीत गेले. माणसाच्या औषधपेटीतली गोळी बदकाला देण्याआधी गिधाडांचे काय झाले, ते आठवावे.

हाड मोडले असेल तर

एक पंख खाली लोंबत असेल, तर हाड मोडले आहे किंवा सांधा निखळला आहे. पंखाच्या वरच्या भागातले हाड आतून पोकळ असून हवेच्या पिशवीशी जोडलेले असते. तिथे हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, तर त्या जखमेत पाणी सोडू नये. जखमेतून सोडलेले पाणी श्वसनमार्गात जाते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

हाड बाहेर आलेले नसेल, तर पंख नैसर्गिक घडीत मिटवून मऊ गॉझपट्टी त्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळावी आणि मग एक वेढा अंगाभोवती घ्यावा. पाय मोकळे, गुदद्वार मोकळे, दुसरा पंख मोकळा. पट्टीखाली बोट सहज सरकले पाहिजे. बांधून झाल्यावर छातीचे हाड दर श्वासाला हलते का, ते दोन मिनिटे बसून पाहावे. हा बंध डॉक्टरकडे पोचेपर्यंतचा. एक्स-रे आणि पक्क्या इलाजासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे आहेत. इतरत्र तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा क्रमांक.

पक्ष्याचे हाड लवकर जुळते, नीट बसवले असेल तर साधारण तीन आठवड्यांत. याच वेगामुळे उशीर महाग पडतो : वाकडे राहिलेले हाड वाकडेच जुळते. पंख फार दिवस बांधून ठेवला तर खांदा आणि मनगट यांमधला कातडीचा पडदा आखडतो आणि पंख पुन्हा पुरता उघडत नाही. त्यामुळे पट्टी अधूनमधून सोडून डॉक्टर दाखवतील तसा पंख हलकेच ताणावा लागतो.

पाणी : कोणते, किती

पहिले पाणी डोके बुडवण्याचे. हे पाणी बदकाला कधीच तोडू नये, अगदी दुसऱ्या दिवसापासूनही. बदक चोच आणि नाकपुड्या पाण्यात बुडवून धुते, डोळेही तसेच धुते. उथळ ताटलीतल्या पाण्यावर ठेवलेल्या बदकाच्या नाकपुड्या चोंदतात, डोळ्यांवर खपली धरते. कोरडे खाद्यही ते पाण्याच्या घोटाशिवाय गिळू शकत नाही, घशात तोठरा बसतो. त्यामुळे भांडे असे हवे की डोके आत जाईल आणि अंग जाणार नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन साबणाने स्वच्छ धुऊन, बाजूला बदकाच्या छातीच्या उंचीवर मुठीपेक्षा थोडे मोठे भोक कापले आणि कड टेपने मढवली, की काम भागते. तो परातीवर ठेवलेल्या जाळीवर ठेवावा, म्हणजे सांडलेले पाणी अंथरुणात न जाता परातीत जमते.

सांडणे हा इथला मोठा प्रश्न. बदक पिते त्याहून जास्त सांडते आणि ओल्या अंथरुणात बुरशी वाढते. कोकणात हाताशी असलेला भाताचा पेंढा सहज आजारी बदकाखाली घातला जातो. तो ओला झाला की त्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते, तिचे कण श्वासातून हवेच्या पिशव्यांत बसतात आणि जखम भरत आलेले बदक श्वासाला धापा टाकत मरते. या रोगाला घरी औषध नाही, उशिरा कळला तर दवाखान्यातही फारसे नाही. आजारी बदकाखाली पेंढा घालूच नये, असे माझे ठाम मत आहे. जुने टॉवेल दिवसातून दोनदा बदलावेत, धुऊन उन्हात वाळवावेत. सुटे दोरे कापून टाकावेत, ते पायाला गुंडाळतात.

पोहण्याच्या पाण्याचा प्रश्न खरा नाजूक. बदकाची पिसे पाणी धरत नाहीत याला दोन कारणे : पिसांचे बारीक आकडे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतला स्निग्ध द्रव त्यांवर सतत लावला जातो. आजारी बदक पिसे विंचरणे सोडते. आठवडाभर कोरड्यात बसलेले बदक एकदम हौदात सोडले, तर त्याच्या पोटाची पिसे भिजून काळपट होतात, अंग जड होते आणि ते गारठते. पट्टी असताना, जखम उघडी असताना पोहणे बंद. जखम कोरडी पडून खपली धरली, की टबात कोमट पाणी घ्यावे आणि बदक दोनतीन मिनिटेच सोडावे. बाहेर काढून पोटाखाली पाहावे. थेंब मोत्यासारखे घरंगळत असतील तर उद्या थोडे जास्त. पिसे चिकटली असतील तर टॉवेलाने टिपून उबेला ठेवावे.

पोहून आल्यावरचा अर्धा तास माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. बदक मान मागे वळवून गाल आणि हनुवटी शेपटीवरच्या ग्रंथीवर घासते, मग छातीचे एकेक पीस चोचीतून ओढून काढते. पाण्याने ही इच्छा जागी होते. ज्या दिवशी आजारी बदक आपणहून असे करू लागते, त्या दिवशी ते बरे होऊ लागले असे समजावे. खाल्लेल्या दाण्यापेक्षाही ही खूण मला भरवशाची वाटते.

पाय दुखावलेल्या बदकाला पाणी आणखी लवकर द्यावे, अट एकच, उघडी जखम नसावी. जमिनीवर पोट टेकून बसून राहिल्याने त्याच्या छातीच्या हाडावर आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर फोड येतात. पाय तळाला टेकणार नाहीत इतक्या खोल कोमट पाण्यात, पोटाखाली हात धरून, ते पाय मारू शकते आणि वजन मात्र पायांवर येत नाही.

खाणे, वजन, सोबत

खाण्यात एक गोष्ट जिवावर बेतते. शेंगदाण्याची पेंड किंवा मका ओल लागून बुरसला, की त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते, आणि बदकाचे पिल्लू या विषाला फारच हळवे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हाच या विषाचा छडा लागला, आणि पुढे ते ओळखण्यासाठी बदकाच्याच पिल्लांवर चाचण्या होत. वास मारणारी पेंड गुरांनाही घालू नये. बदकाला तर नाहीच नाही.

मऊ भात, उकडलेले अंडे कुस्करून, मटार, अ‍ॅझोला आणि अंड्यांवरच्या कोंबड्यांचे खाद्य पाण्यात भिजवून, एवढे प्रौढ बदकाला पुरते. पाव देऊ नये, पोट भरते आणि पोषण होत नाही. पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाच्या जवळपास दुप्पट लागते. नुसत्या चिक फीडवर वाढवलेल्या पिल्लाचे पाय फेंगडे होतात आणि घरचे त्याला जखम समजून पट्ट्या बांधत बसतात. अशा वेळी खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळावे.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. दोन किलोच्या खाकी कॅम्पबेलचे वजन २०० ग्रॅमने उतरले, तर ते खाताना दिसत असले तरी पुरेसे खात नाही. विष्ठा गर्द हिरवी आणि पातळ येऊ लागली, तर बहुधा पोटात अन्न नाही, नुसते पित्त उतरते आहे.

बदक एकटे राहात नाही. खोके अशा जागी ठेवावे की इतरांचा आवाज त्याला ऐकू येईल. सावरू लागले की जाळीपलीकडे एखादे शांत बदक बसवावे. एकदम कळपात सोडले तर बाकीची बदके जखमेच्या जागी चोची मारतात.

कुठवर

सगळी बदके वाचत नाहीत. पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडलेले, तळपायाला चिमटा घेतला तरी पाय न हलवणारे बदक टोपलीत ठेवून महिने काढणे ही दया नव्हे. डॉक्टरच्या इंजेक्शनने त्याचे दुःख संपवावे. उलट एक पंख कायमचा आखडलेल्या पाळीव बदकासाठी मन कष्टी करायचे कारण नाही. बहुतेक पाळीव बदके एरवीही फारशी उडत नाहीत, आणि अशी बदके चालतात, पोहतात, अंडी घालतात.

अंड्यांबाबत एवढेच. प्रतिजैविक चालू असताना आणि ते थांबवल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बदकाची अंडी खाऊ नयेत, विकू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत. औषध लिहून घेतानाच तो कालावधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावा.